पॅड कोण धरणार?

पंचवटीत एक मुलगा राहायचा. वय अकरा. अंगाने काटकुळा, पण पाय लांब. घरी आई होती, आजी होती आणि अंबडच्या कारखान्यात पाळीवर जाणारे वडील होते. एकदा मोबाइलवर त्याने तायक्वांदोचा व्हिडिओ पाहिला. एका खेळाडूने हवेत गिरकी घेतली आणि डोक्याएवढ्या उंचीवर धरलेली फळी टाचेने मोडली. मुलगा तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत बसला. दुसऱ्या दिवसापासून दाराचा पडदा, गॅलरीतली बादली, आजीचं वाळत घातलेलं लुगडं, सगळ्यांना लाथा बसू लागल्या.

आजी म्हणाली, "याला कुठेतरी घाला गं. नाहीतर हा एक दिवस देव्हाऱ्यापर्यंत पोचेल."

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या. घराजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी तायक्वांदोचा क्लास भरायचा. आई मुलाला घेऊन तिथे गेली. जाण्याआधीच मुलाने हट्टाने पांढरा ड्रेस आणि पांढरा बेल्ट विकत घ्यायला लावला होता. आईने घरखर्चातून पैसे काढून दिले होते.

क्लासचे सर शांत स्वभावाचे होते. त्यांनी पिशवीतला नवा ड्रेस पाहिला आणि म्हणाले, "ड्रेसची एवढी घाई नव्हती. पहिला महिना ट्रॅक पँट आणि टी-शर्ट चालतो. मुलाचं मन रमतंय का ते बघायचं, मग घ्यायचा. तोही एक माप मोठा. या वयात मुलं भरभर वाढतात."

आईने फी विचारली. सरांनी सगळं मोकळेपणाने सांगितलं. महिन्याची फी एवढी. बेल्टची परीक्षा साधारण तीन-चार महिन्यांनी, तिची फी वेगळी. चेस्ट गार्ड, हेड गार्ड, शिन गार्ड हा खर्च पुढचा, फाईट शिकायला लागल्यावरचा. आज त्यातलं काही घ्यायचं नाही.

"आणि सर," आई जरा थांबून म्हणाली, "हे शिकून मुलं मारामाऱ्या करायला लागत नाहीत ना?"

"क्लासबाहेर हात उचलला तर क्लास बंद. पण ताई, नुसत्या माझ्या शब्दावर जाऊ नका. दोन दिवस इथे बसा. मोठी मुलं लहानांशी कशी वागतात ते बघा. क्लास कसा आहे ते त्यावरून कळतं."

मग त्यांनी मुलाची चौकशी केली. दमा, जुनं फ्रॅक्चर, गुडघ्याचं दुखणं असं काही? लहानपणी बाळदमा होता, आता नाही, असं आईने सांगितलं. सरांनी ते वहीत लिहून ठेवलं. "धाप लागली तर लगेच सांगायचं," ते मुलाला म्हणाले. "लपवायचं नाही."

मुलाला या बोलण्यात रस नव्हता. त्याने आपला प्रश्न विचारला. "सर, ब्लॅक बेल्ट कधी मिळेल?"

सर हसले नाहीत. "नियमित आलास तर तीन-चार वर्षं तरी लागतील. तेव्हा पंधराच्या आत असशील, तर ब्लॅकऐवजी पूम मिळेल, अर्धा लाल, अर्धा काळा. त्याची नोंद कोरियात होते. सोल शहरात कुक्कीवॉन नावाची संस्था आहे, 1972 साली उभी राहिलेली. कुठल्याही क्लासला जाण्याआधी विचारून घ्यावं, की ब्लॅक बेल्टची नोंद तिथे होणार की नाही."

तीन-चार वर्षं ऐकून मुलाचा चेहरा पडला. पण ड्रेस घेतलेला होता. माघार घेणं शक्य नव्हतं.

दोन दिवस तो आईबरोबर भिंतीशी बसून राहिला. मुलं दाराशी चपला काढत होती, वाकून नमस्कार करत होती आणि मगच मॅटवर पाय ठेवत होती. सरांनी "चारियोत!" म्हटलं की सगळे ताठ उभे राहत होते. "क्योंग्ने!" म्हटलं की कमरेत वाकत होते. आकडेही कोरियन होते. हाना, दुल, सेट, नेट. पुढच्या रांगेत लाल आणि निळे बेल्ट, मध्ये हिरवे आणि पिवळे, शेवटी पांढरे. पांढऱ्या बेल्टच्या रांगेत सहा-सात वर्षांची पोरं होती, आणि त्यांच्यामध्ये एक काकू उभ्या होत्या.

काकूंचं वय चाळिशीचं. केस घट्ट बांधलेले, हातात बांगडी नाही. मुलाला हसू आलं.

त्या एसटीत कंडक्टर होत्या. त्यांची मुलगी याच क्लासमध्ये हिरव्या बेल्टवर होती. ड्यूटी संपली की काकू तिला न्यायला यायच्या आणि बाहेर पायरीवर बसून राहायच्या. एके दिवशी सर त्यांना म्हणाले, "ताई, बसून वाट बघता, त्यापेक्षा आत या." त्या आत गेल्या. रात्रीच्या शेवटच्या गाडीनंतर डेपोतून एकटीने घरी जावं लागतं, तेव्हा अंगात थोडी हिंमत असलेली बरी, असं त्यांनी घरी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मुलगा मॅटवर उतरला. येता येता मित्राबरोबर त्याने मिसळ खाल्ली होती, वर दोन पाव. वॉर्मअपला हॉलभोवती पळायचं होतं. चौथ्या फेरीला त्याच्या कुशीत कळ आली आणि तो पोट धरून बसला.

"काय खाल्लंस?" सरांनी विचारलं.

"मिसळ."

"तर्री मारून?"

मुलाने मान हलवली. सगळा हॉल हसला. सर म्हणाले, "क्लासच्या आधी दोन तास जड काही खायचं नाही. फार भूक लागली तर एक केळं. पाण्याची बाटली आणायची आणि घोट घोट प्यायचं." मग त्यांनी त्याची नखं बघितली आणि कापून यायला सांगितलं. हातातलं तांब्याचं कडं उतरवून दप्तरात ठेवायला लावलं. "आपल्या नखाने आणि कड्याने समोरच्याला लागतं," ते म्हणाले.

मुलाला वाटलं होतं, पहिल्या आठवड्यात गिरकीची किक शिकवतील. तसं काही झालं नाही. आधी मूठ वळायला शिकवली, अंगठा बाहेर ठेवून. मग पाय फाकवून, गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखं उभं राहायला लावलं. मांड्या थरथरायला लागल्या तरी सर पुढचा आकडा म्हणत नव्हते. मग खालचा ब्लॉक, मधला ब्लॉक, वरचा ब्लॉक. किकची वेळ आली तेव्हाही पाय फेकायचा नव्हता. नुसता गुडघा छातीपर्यंत उचलायचा आणि खाली ठेवायचा. "आधी गुडघा," सर म्हणायचे. "गुडघा जिकडे बघेल, तिकडे पाय जाईल."

प्रत्येक हालचालीबरोबर पोटातून आवाज काढायचा होता. मुलाला लाज वाटायची. त्याचा आवाज घशातच राहायचा. काकूंना मात्र लाज नव्हती. सीबीएसच्या स्टँडवर "त्र्यंबक, त्र्यंबक" म्हणून ओरडायची त्यांना सवय होती. त्यांची आरोळी रस्त्यापर्यंत जायची.

महिना झाला. एका संध्याकाळी सरांनी कपाटातून पॅड काढली. हाताएवढ्या लांबीची, मुठीत धरायची, दोन पात्यांची. किक नीट बसली की दोन्ही पाती एकमेकांवर आपटतात आणि मोठा आवाज होतो.

"पॅड कोण धरणार?" सरांनी विचारलं.

पुढच्या रांगांतले हात लगेच वर गेले. शेवटच्या रांगेतला एकही हात वर गेला नाही. तिथे सगळ्यांना किक मारायची होती.

सरांनी जोड्या लावल्या. मुलाच्या वाट्याला काकू आल्या. त्याला ते आवडलं नाही. त्याला निळ्या बेल्टवाल्या दादांपैकी कोणीतरी हवा होता. पण बोलायची सोय नव्हती.

आधी काकूंनी पॅड धरलं. मुलाने दोल्यो चागी मारली, कडेने फिरवून आणलेली किक. फट्ट! आवाज हॉलभर गेला. मुलगा खूष झाला. पुन्हा मारली. पुन्हा तसाच आवाज. दहाच्या दहा किक वाजल्या.

मग पॅड त्याच्या हातात आलं. काकूंनी किक मारली. आवाज झाला नाही. पॅड बाजूला ढकललं गेलं आणि काकूंचा पाय घसरून खाली आला.

"नीट धर रे," काकू म्हणाल्या.

"धरलंय की," मुलगा म्हणाला. त्याचं लक्ष पलीकडच्या कोपऱ्यात होतं. तिथे निळ्या बेल्टच्या मुलांची फाईट चालू होती. छातीला चेस्ट गार्ड, डोक्याला हेड गार्ड, तोंडात माउथ गार्ड. कमरेखाली मारायचं नाही, पडलेल्याला मारायचं नाही. छातीवर किक बसली की दोन गुण, डोक्यावर बसली की तीन. गुण मोजता मोजता मुलाच्या हातातलं पॅड सैल व्हायचं.

असे बरेच दिवस गेले. मुलाच्या किका वाजायच्या, काकूंच्या वाजायच्या नाहीत. घरी त्याने आजीला सांगितलं, "आमच्या क्लासमध्ये एक काकू आहेत ना, त्यांची किक लागतच नाही. मला मात्र सगळं पटकन येतं."

आजी म्हणाली, "बरं."

श्रावण लागला. तिसरा सोमवार चार दिवसांवर आला होता. त्या संध्याकाळी काकू ड्यूटीवरून थकून आल्या होत्या, पण क्लास चुकवला नाही. पॅडची वेळ झाली. मुलाने पॅड धरलं आणि नेहमीसारखं पलीकडे बघितलं. काकूंनी जोर लावून किक मारली. पॅड ऐनवेळी फिरलं. काकूंचा पाय पॅडला चुकवून पुढे गेला आणि त्यांचं बोट मुलाच्या कोपरावर आदळलं.

काकू मटकन खाली बसल्या.

सर धावत आले. त्यांनी शेजारच्या डेअरीतून बर्फ मागवला, फडक्यात गुंडाळून बोटावर धरला, पाय उशीवर उंच ठेवला. बोट सुजायला लागलं होतं. काकूंच्या मुलीने रिक्षा बोलावली. निघताना काकू काही बोलल्या नाहीत. सरही मुलाला काही बोलले नाहीत. मुलगा आपलं कोपर चोळत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या मुलीने सांगितलं, "एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नाही, मुरगळलंय. डॉक्टरांनी दुखरं बोट शेजारच्या बोटाला बांधून दिलंय. तीन आठवडे क्लास बंद."

मुलाला वाटलं, आता आपल्याला दुसरा जोडीदार मिळेल. पण पांढऱ्या बेल्टच्या रांगेत मुलांची संख्या विषम झाली होती. सगळ्यांच्या जोड्या लागल्या आणि तो एकटा उरला. सर म्हणाले, "तू हवेत मार."

त्याने हवेत किका मारल्या. पाय चांगला उंच जात होता. दोन किका झाल्या, दहा झाल्या, वीस झाल्या. कुठली बरोबर आणि कुठली चूक ते त्याला कळेना. आवाज नव्हता. समोर कोणी नव्हतं. थोड्या वेळाने तो नुसताच उभा राहिला.

तिसरा श्रावणी सोमवार आला. ब्रह्मगिरीच्या फेरीला लोक रविवारी रात्रीपासूनच निघाले होते. आजीची फेरी वयामुळे सुटली होती, पण त्या दिवशी त्र्यंबकला जाऊन कुशावर्ताचं पाणी डोळ्यांना लावायचा नेम सुटला नव्हता. वडिलांची पाळी होती. आई म्हणाली, "तू जा आजीबरोबर."

सीबीएसवर पाय ठेवायला जागा नव्हती. जादा गाड्या सोडल्या होत्या, तरी माणसं उरत होती. आजी आणि मुलगा कसेबसे एका गाडीत चढले. कोणीतरी आजीला बसायला जागा दिली, मुलगा तिच्या मांडीला टेकून उभा राहिला. डबल बेल वाजली, गाडी हलली आणि गर्दीतून ओळखीचा आवाज आला.

"तिकीट! पुढे सरका, मध्ये थांबू नका, मागून बाया येतायत!"

काकू होत्या. अंगात खाकी, गळ्यात बॅग, हातात तिकिटाचं मशीन. मुलाने खाली पाहिलं. चपलेतून बोटांवरची पांढरी पट्टी दिसत होती.

काकूंनी त्याला बघितलं, पण त्यांना बोलायला वेळ नव्हता. सातपूर मागे पडलं. काकू दोन बाकांच्या मधल्या जागेत उभ्या होत्या. पाय थोडे फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, दुखऱ्या पायावर कमी भार. मुलाने ते उभं राहणं ओळखलं. गाडी डावीकडे कलली की सगळी गर्दी डावीकडे जायची. काकू जागच्या हलत नव्हत्या. एका हाताने त्या मशीन चालवत होत्या आणि नजर मात्र माणसांवर होती.

अंजनेरीच्या अलीकडे ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. एका म्हाताऱ्याचा हात वरच्या दांडीवरून सुटला. तो पडणार, तेवढ्यात काकूंनी त्याला कोपरापाशी धरलं आणि सरळ उभं केलं. "बाबा, इथे धरा," म्हणून त्याचा हात बाकाच्या कडीवर ठेवला आणि पुढचं तिकीट फाडायला वळल्या. म्हातारा तोल जाण्याआधीच त्यांना दिसला होता.

मुलगा म्हणाला, "काकू, मी आजीला उठवतो, तुम्ही बसा."

"आजीला कशाला उठवतोस?" काकू म्हणाल्या. "आणि एवढ्या गर्दीत कंडक्टरने बसायचं नसतं. तू आजीला धर. पुढे वळण आहे."

मुलाने आजीचा खांदा धरला. वळण आलं आणि गेलं.

त्र्यंबकच्या स्टँडवर गाडी रिकामी होऊ लागली. आजी उतरली. मुलगा दाराशी थांबला. "काकू," तो म्हणाला, "चुकलं माझं."

"हो, चुकलं," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "हे बघ. किक मारताना माझा एकच पाय जमिनीवर असतो. सगळा जोर मी तुझ्या हातातल्या पॅडवर टाकते. तू दुसरीकडे बघितलंस की तो जोर जायला जागा राहत नाही. पॅड धरतोस तेव्हा माझ्याकडे बघ. चल, उतर आता, मागे लोक खोळंबलेत."

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सरांनी पॅड काढली. "पॅड कोण धरणार?"

शेवटच्या रांगेतून एक हात वर गेला. सरांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि एक सहा वर्षांचा छोटू त्याच्यापुढे उभा केला. छोटूची किक मुलाच्या मांडीपर्यंतच येत होती. मुलाला गुडघ्यावर बसावं लागलं.

आता त्याने सरांना विचारलं, "कसं धरायचं?" आजवर हे त्याने विचारलंच नव्हतं.

सरांनी दाखवलं. पॅड समोरच्याच्या कमरेच्या उंचीला. आपल्या तोंडापासून लांब, अंगाच्या थोडं बाजूला. मनगट ताठ. कोपर मोकळं सोडायचं नाही, अंगाजवळ ठेवायचं. पाय बसण्याच्या क्षणी पॅड किंचित पुढे न्यायचं, म्हणजे जोराला जोर मिळतो. "आणि पायाकडे बघू नकोस," सर म्हणाले, "गुडघ्याकडे बघ. गुडघा आधी सांगतो."

मुलगा छोटूच्या गुडघ्याकडे बघू लागला. पहिल्या दिवशी त्याला काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी दिसलं की छोटू गुडघा उचलतच नाही, नुसता पाय झाडतो. त्याने ते छोटूला सांगितलं. छोटूने गुडघा उचलला. फट्ट! छोटू स्वतःच दचकला आणि मग हसत सुटला.

पुढच्या आठवड्यात आणखी एक गोष्ट दिसली. किक मारताना छोटूचा जमिनीवरचा पाय फिरत नव्हता. सर ओरडून सांगायचे, "उभा पाय फिरव, टाच पुढे आण, नाहीतर गुडघ्याला पीळ बसेल." ते शब्द मुलाने महिनाभर ऐकले होते. आज प्रथमच त्याला ती टाच जागेवर अडकलेली दिसली. घरी येऊन त्याने गुळगुळीत फरशीवर किक मारून पाहिली आणि खाली बघितलं. त्याची स्वतःची टाचही अडकत होती. एवढे दिवस त्याच्या किका वाजत होत्या, कारण काकू प्रत्येक वेळी पॅड नेमकं त्याच्या पायापुढे आणत होत्या.

तो बराच वेळ फरशीवर उभा होता. मग त्याने टाच फिरवायची सवय करायला घेतली.

आता तो कोणासाठीही पॅड धरायचा. एका मुलीचे हात किक मारताना खाली पडायचे, ते त्याला दिसायचं. एक मुलगा श्वास कोंडून धरायचा आणि त्याची आरोळी निघायची नाही. दुसऱ्याची चूक दिसली की घरी जाऊन तो आपली तपासायचा. बहुतेक चुका त्याच्यातही सापडायच्या. त्याच्या किका पहिल्यापेक्षा जड झाल्या. आवाज काढताना लाज वाटणंही कधी थांबलं, ते त्याला कळलं नाही.

गणपती गेले आणि काकू परत आल्या. बोट बरं झालं होतं, पण मनात भीती होती. सरांनी विचारायच्या आधीच मुलाने पॅड उचललं आणि काकूंपुढे उभा राहिला. कोपर अंगाजवळ, मनगट ताठ.

काकूंनी पहिली किक हलकी मारली. मुलाची नजर त्यांच्या गुडघ्यावर होती. दुसरी थोडी जोरात. पॅड हललं नाही. तिसऱ्या वेळी काकूंनी आरोळी ठोकली आणि सगळा जोर सोडला.

फट्ट!

पुढच्या रांगेतल्या लाल बेल्टवाल्यांनी वळून बघितलं. मुलाच्या हाताला झिणझिण्या आल्या. काकूंची किक पहिल्यापासूनच अशी होती, हे त्याला तेव्हा समजलं.

"लागलं का रे?" काकूंनी विचारलं.

"नाही. अजून मारा."

दिवाळीच्या आधी परीक्षा झाली. बाहेरून परीक्षक आले होते. उभं राहण्याच्या पद्धती, ब्लॉक, सरळ किक, फिरवून किक, दहापर्यंतचे कोरियन आकडे, बेल्ट नीट बांधता येतो का, सगळं बघितलं गेलं. काकू परीक्षेला बसल्या नाहीत. त्यांचे तीन आठवडे बुडाले होते. सरांनी त्यांना पुढच्या परीक्षेपर्यंत थांबायला सांगितलं होतं आणि त्यांनी ते मानलं होतं. तरी त्या ड्यूटीवरून खाकी कपड्यांतच आल्या आणि सगळ्या लहान मुलांसाठी पॅड धरून उभ्या राहिल्या. छोटू पास झाला. मुलगाही पास झाला.

पिवळा बेल्ट कमरेला बांधून झाल्यावर मुलगा सरांकडे गेला. "सर, काकूंची परीक्षा कधी?"

"जानेवारीत. तोवर त्यांना रोज कोणीतरी पॅड धरणारा लागेल. पिवळे बेल्ट आता पुढच्या रांगेत जातील, तुझी जोडी बदलता येईल. हिरव्या बेल्टवाल्या दादाबरोबर हवी असेल तर सांग."

"नको," मुलगा म्हणाला. "काकूंचं पॅड मीच धरतो."

क्लासला नाव घालण्याआधी माणसं पुष्कळ गोष्टी विचारतात, आणि त्या विचारायलाच हव्यात. फी किती, परीक्षेचे पैसे वेगळे का, सर्टिफिकेट कुठलं, शिकवणारा कसा आहे, काय खाऊन यायचं, जुनं दुखणं असेल तर काय. ड्रेस उशिरा घेतला तरी चालतो. बेल्टची घाई करून उपयोग नसतो. हे सगळं पहिल्या दोन दिवसांत कळतं. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, कारण ती कोणी विचारत नाही. तिथे निम्मा वेळ किक मारायची नसते. निम्मा वेळ दुसऱ्याच्या किकसाठी उभं राहायचं असतं, आणि शिकण्याचा मोठा भाग त्या निम्म्या वेळात असतो. 2000 सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून तायक्वांदोला पदकं दिली जातात. पदक घेणारा एकटा उभा असतो, पण त्याच्या प्रत्येक किकने आधी कोणाच्या तरी हातातल्या पॅडवर आपली चूक सुधारून घेतलेली असते. म्हणून नव्याने शिकायला जाणाऱ्याने नखं कापावीत, कडं उतरवावं, पाण्याची बाटली घ्यावी आणि आपल्या जोडीदाराकडे बघायची तयारी ठेवावी. आपण ज्याचं पॅड नीट धरतो तो पुढे जातो, आणि त्याला पुढे नेताना आपल्या चुका आपल्याला आपोआप दिसू लागतात.